पाया कोणी कोणाच्या पडायचं? रायपूरच्या शाळेतली अबोल भाषा

रायपूरच का

रायपूरला मराठी माणूस नवखा नाही. अठराव्या शतकात छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरहून कारभार पाहत होते. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर-रायपूर एकाच कारभाराखाली आले. कचेरी, कोर्ट, रेल्वे आणि शाळा यांच्या नोकऱ्यांनी मराठी कुटुंबं इकडे येत राहिली. तात्यापारा, बूढापारा या भागांत ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली. महाराष्ट्र मंडळ १९३५ पासून आहे, त्याची संत ज्ञानेश्वरांच्या नावाची शाळाही आहे. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे माधवराव सप्रे याच वाटेवरचे. शालेय शिक्षण बिलासपूर-रायपूरला झालं, पेंड्र्याला राजकुमारांची शिकवणी केली आणि तिथूनच १९०० मध्ये त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' सुरू केलं.

आज रायपूरच्या एखाद्या मोठ्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत डोकावलं तर छत्तीसगढी गुरुजी असतात, उत्तर प्रदेशातून आलेले मिश्राजी किंवा तिवारीजी असतात, नागपूरच्या माहेरच्या मराठी बाई असतात. उडिया, तेलुगू, सिंधी, पंजाबी घरांतले शिक्षक असतात. १९६४ नंतर पूर्व पाकिस्तानातून मानाच्या छावणीत आलेल्या बंगाली कुटुंबांची पुढची पिढी असते. मिशनच्या शाळेत केरळच्या सिस्टर असतात. सगळ्यांची कामाची भाषा हिंदी. शब्दांचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटलेला असतो. हात, मान, नजर, अंतर, गप्प बसणं, आवाजाची पट्टी यांचे नियम मात्र प्रत्येक जण आपापल्या घरातून घेऊन आलेला असतो.

संस्कृतींमधल्या देहबोलीबद्दलची पुस्तकं सहसा जपान आणि अमेरिका, अरब आणि इंग्रज अशा दूरदूरच्या जोड्या घेतात. शिक्षकाचं खरं काम त्याहून जवळच्या फरकाशी असतं. खूण परकी दिसली की आपण सावध होतो, दुसऱ्याला विचारतो. खूण ओळखीची दिसली की विचारत नाही, आपल्या घरचाच अर्थ तिला लावून मोकळे होतो. रायपूरच्या शाळेत गैरसमज होतात ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे.

नमस्काराचे नियम

पाया पडणं मराठी, छत्तीसगढी, हिंदी, बंगाली, उडिया अशा सगळ्या घरांत आहे. वाकायचं, पावलांना हात लावायचा, तोच हात कपाळाशी किंवा छातीशी न्यायचा. हालचाल जवळपास एकच. कोणी कोणापुढे वाकायचं हे मात्र घराघरांत वेगळं.

मराठी घरात हिशेब वयाचा असतो. मुलगा असो की मुलगी, लेक असो की सून, लहानाने मोठ्याच्या पाया पडायचं. परीक्षेला निघताना मुलगी वडिलांना वाकून नमस्कार करते आणि वडील डोक्यावर हात ठेवतात. लग्नात वधूपिता जावयाचे पाय धुतो, हा वयाचा नियम मोडणारा ठळक अपवाद.

छत्तीसगढात हिशेब नात्याचाही असतो. कौसल्या ही दक्षिण कोसलची, म्हणजे इथली लेक, अशी श्रद्धा आहे. रायपूरजवळ चंदखुरीला तळ्याच्या मधोमध तिचं मंदिर आहे. लेकीचा मुलगा राम, म्हणून तो सगळ्या छत्तीसगढचा भाचा. त्यामुळे इथे पन्नाशीचा मामा दहा वर्षांच्या भाच्याच्या पाया पडतो, भाचीच्याही पडतो. लेकीकडून पाया पडून घेणं अनेक घरांत योग्य मानत नाहीत. नवरात्रात कुमारिकांना घरी बोलावून त्यांचे पाय धुतात, त्यांना जेवू घालतात.

आता गुरुपौर्णिमेचा दिवस घ्या. सातवीच्या मुली रांगेने येतात. नागपूरकडच्या मराठी बाई खुर्चीजवळ उभ्या आहेत. प्रत्येक मुलगी वाकते, बाई तिच्या डोक्यावर हात ठेवतात. शेजारी छत्तीसगढी गुरुजी उभे आहेत. पहिली मुलगी त्यांच्यापुढे वाकायला लागताच ते दोन पावलं मागे सरतात आणि हात जोडतात. 'नहीं बेटी, नहीं' एवढंच म्हणतात. मराठी घरातल्या मुलीचा चेहरा उतरतो, तिला वाटतं सरांनी आपला नमस्कार झिडकारला. बाईंच्या मनात तर याहून वाईट शंका येऊ शकते, जातीची. तिकडे गुरुजींना वाटतं, या बाई लेकीबाळींना वाकायला लावतात तरी कशा? दोघांच्या मनात त्या मुलीबद्दल मायाच आहे. ती दाखवण्याची रीत एकाच्या घरी डोक्यावर हात ठेवण्याची, तर दुसऱ्याच्या घरी मागे सरण्याची.

याच खुणेची एक अवघड बाजूही आहे. उत्तरेकडच्या रीतीत पाया पडण्याला जातीचा क्रमही चिकटलेला आहे. वयाने मोठा कर्मचारी तरुण ब्राह्मण सहकाऱ्याला 'पायलागी महाराज' म्हणतो आणि ते कोणाला खटकत नाही. महाराष्ट्रात फुले-आंबेडकरांच्या चळवळीनंतर वाढलेल्या शिक्षकाला ते खटकतं, आणि खटकायलाच हवं. इथल्या समाजांनीही अभिवादनाच्या आपल्या वाटा काढल्या. गुरू घासीदासांच्या सतनामी पंथात 'जय सतनाम' आहे. दामाखेडा ज्यांची मोठी गादी, त्या कबीरपंथीयांत 'साहेब बंदगी' आहे. आदिवासी घरांत 'जोहार' आहे. नागपूरकडून आलेल्या बौद्ध कुटुंबांत 'जय भीम' आहे. सकाळी फाटकातून आत येणारं मूल यातलं काहीही म्हणतं. 'गुड मॉर्निंग'ला शिक्षक हसून मान हलवतो आणि 'जय सतनाम'ला नुसताच पुढे जातो, हा फरक पहिलीतल्या मुलालाही कळतो. एकदा कळला की ते मूल घरचं अभिवादन घरीच ठेवायला लागतं.

जुळणाऱ्या खुणाही पुष्कळ आहेत. पुस्तकाला पाय लागला तर ते उचलून कपाळाला लावायचं. चूक कबूल करताना स्वतःचा कान धरायचा. लघवीला जायचं तर करंगळी वर करायची. पाठीवर थाप म्हणजे शाबासकी. देणं-घेणं उजव्या हाताने. दसऱ्याला मराठी शाळेत आपट्याची पानं वाटतात, तशीच इथे सोनपत्ती हातात देतात आणि मागोमाग गळाभेट किंवा नमस्कार. छत्तीसगढचं खास आपलं असं म्हणजे भोजली, धान्याचे उगवलेले कोंब. राखीच्या दुसऱ्या दिवशी भोजलीचं विसर्जन झालं की त्या पिवळसर कोंबांची जुडी मैत्रिणी एकमेकींच्या कानामागे खोचतात. त्या क्षणापासून दोघी जन्मभराच्या सख्या होतात आणि एकमेकींना नावाने हाक मारत नाहीत. सहावीतल्या दोन मुली एकमेकींची नावं घ्यायला का कचरतात, हे नव्या बाईंना हजेरीच्या वेळी कोडं वाटतं. त्याचं उत्तर या कानामागच्या कोंबात असतं.

मान हलते म्हणजे काय होतं

भारतीय मान हलवण्यावर परदेशी पाहुणे पुष्कळ लिहितात. होकाराला मान वर-खाली, नकाराला आडवी, आणि या दोन्हींच्या मधली, खांद्याकडे कलणारी तिसरी हालचाल. ती दक्षिणेकडे जास्त ठसठशीत दिसते. रायपूरच्या शाळेत केरळच्या सिस्टर ती करतात तेव्हा हिंदी पट्ट्यातून आलेला नवा शिक्षकही क्षणभर थबकतो. आपल्याकडे या गोष्टीचा विचार फार जुना आहे. भरताच्या 'नाट्यशास्त्रा'त मस्तकाच्या तेरा हालचाली सांगितल्या आहेत. त्यातली 'धुत' म्हणजे डोकं सावकाश आडवं हलवणं, ती नकाराकडे झुकते. 'परिवाहित'मध्येही डोकं आळीपाळीने दोन्ही बाजूंना वळतं, पण ती विस्मय आणि हर्ष दाखवते. मान आडवी गेली म्हणजे नकारच असं नाही, हे या भूमीवर फार पूर्वी टिपून ठेवलेलं आहे.

वर्गात मात्र याहून मोठी अडचण येते. शिक्षक भागाकाराचं उदाहरण फळ्यावर संपवतो, वळतो आणि विचारतो, 'समझ गए?' चाळीस माना हलतात, काही कोपऱ्यांतून 'हव' असा आवाज येतो. शिक्षक पुढच्या उदाहरणाकडे जातो. चाचणीत निम्म्या वह्या कोऱ्या येतात आणि तो मुलांना खोटारडी ठरवतो.

मुलं खोटं बोललेली नसतात. छत्तीसगढात गोष्ट ऐकणाऱ्याने 'हुंकारू' द्यायचा असतो. आजी कहाणी सांगते, नातवंडं प्रत्येक वाक्याला हुंकार देतात, हुंकार थांबला की आजीही थांबते. आपल्याकडेही हे आहेच. या हुंकाराचा अर्थ 'मी जागा आहे, पुढे सांगा' एवढाच. समजलं असा दावा त्यात नाही.

याचं भरदार रूप पंडवानीत पाहायला मिळतं. महाभारताची ही कथा सांगण्याच्या दोन शैली आहेत. वेदमती शैलीत गायक बसून कथा सांगतो, झाडूराम देवांगन तिचे मोठे कलावंत. कापालिक शैलीत उभं राहून, रंगमंचभर फिरून कथा सांगतात. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी ती जगभर नेली. त्यांना २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात अर्जुनाचं धनुष्य. छत्तीसगढी न कळणारा प्रेक्षकही कोण कोणावर धावून गेलं ते ओळखतो. पण या सादरीकरणातला दुसरा माणूस शिक्षकाने जास्त निरखावा. तो रागी. तो प्रत्येक ओळीला हुंकार देतो, आणि तेवढ्यावर थांबत नाही. मधेच अडवतो, विचारतो, 'मग त्याने काय केलं?', सांगितलेलं आपल्या तोंडाने परत म्हणतो. हुंकार आणि समज यांतला फरक पंडवानीने रागीची जागा निर्माण करून सोडवला आहे.

मराठी शिक्षकाला इथे आवाजाचा आणखी एक धडा मिळतो. आपल्याकडची मुलं जिभेने 'च्यक्' करून नकार देतात. घरात ते चालून जातं. हिंदी बोलणाऱ्या घरातल्या बाईंना तो आवाज वैतागल्याचा वाटतो. उलट छत्तीसगढी मुलाचं 'जी' न लावलेलं नुसतं 'हव' बाहेरून आलेल्या सरांना उर्मट वाटतं. ते मूल आपल्या आजीलाही तसंच उत्तर देतं.

नजर खाली आणि नजर वर

मोठ्यांशी बोलताना नजर खाली ठेवणं ही जुन्या मराठी घराची शिकवण, आणि छत्तीसगढी घराचीही. रागावलेल्या मोठ्यांच्या डोळ्याला डोळा भिडवणं दोन्हीकडे उद्धटपणा. आता शाळा इंग्रजी माध्यमाच्या झाल्या, मुलाखतीच्या तयारीचे वर्ग निघाले आणि 'माझ्याकडे बघून बोल' हा नियम शाळेत शिरला. एकाच वर्गात आता दोन नियमांची मुलं बसतात. वकिलाचा मुलगा डोळ्यात बघून उत्तर देतो आणि त्याचा आत्मविश्वास नोंदला जातो. मजुराचा मुलगा पायाच्या अंगठ्याकडे बघत तेच उत्तर देतो आणि 'घाबरट' ठरतो. चोरी किंवा भांडणाची चौकशी असेल तर खाली गेलेली नजर गुन्ह्याची कबुलीच धरली जाते.

उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांत चित्र नेमकं उलटं असतं. रविवारी शिकवायला येणारे काका-काकू महाराष्ट्रात वाढलेले, मुलं तिथल्या शाळेत वाढलेली. मूल थेट डोळ्यात बघून 'मला हे पटत नाही' म्हणतं, आणि काकूंना ते आगाऊ वाटतं. त्या मुलाच्या दिवसाच्या शाळेत यालाच लक्ष देणं म्हणतात.

दारात उभी राहिलेली आई

पालकसभेत बाजूच्या खेड्यातून एक आई येते. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली ओढलेला. ती वर्गाच्या दाराशीच उभी राहते. सर समोरची खुर्ची दाखवतात, ती बसत नाही. सर बोलतात, ती भिंतीकडे बघते. दोन मिनिटांत निघून जाते. नोंदवहीत 'पालक उदासीन' असा शेरा पडतो.

छत्तीसगढी घरात नवऱ्याच्या थोरल्या भावाला 'कुरा ससुर' म्हणतात. भावजयीने त्याच्यासमोर पदर घ्यायचा, त्याच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, त्याला स्पर्शही होऊ द्यायचा नाही. गावातला, नवऱ्यापेक्षा वयाने मोठा पुरुष या नात्यात सहज मोजला जातो. सर त्याच पंचक्रोशीतले असले तर त्यांच्यासमोर खुर्चीत बसणं त्या बाईला शक्यच नसतं. मराठी घरात दीर-भावजयीचं नातं बरंच मोकळं. त्यामुळे मराठी शिक्षकाला हे अंतर सुचतही नाही. मजुरी बुडवून, दोन बस बदलून आलेली आई उदासीन कशी असेल? बाई शिक्षिकेने तिला बाजूला, शेजारी शेजारी बसवून, वही दोघींच्या मधे ठेवून बोलावं. मग तिला मुलाबद्दल किती ठाऊक आहे ते कळतं.

हा पदर टिकावा असं माझं म्हणणं नाही. तो ज्या दिवशी जाईल तो दिवस चांगला. पण मुलाच्या प्रगतीची चौकशी त्या दिवसापर्यंत थांबवता येत नाही.

अंतर आणि स्पर्श

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९६६ मध्ये माणसा-माणसांतल्या अंतराची मोजमापं मांडली. अगदी जवळच्यांसाठी साधारण ४५ सेंटिमीटरपर्यंत, ओळखीच्यांसाठी तिथून सव्वा मीटरपर्यंत, कामाच्या बोलण्यासाठी साडेतीन मीटरपर्यंत आणि त्यापुढे सभेचं अंतर. ही मापं त्यांनी अमेरिकेतल्या मध्यमवर्गाची घेतली होती. एका बाकावर चौघं बसणाऱ्या वर्गाला ती लागू करण्यात अर्थ नाही. मुलगे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून फिरतात, त्यात काही विशेष नसतं. मुलगा आणि मुलगी यांच्यातलं अंतर मात्र कटाक्षाने सांभाळलं जातं.

थायलंडमध्ये दुसऱ्याच्या डोक्याला हात लावणं अपमानाचं मानतात, आपल्याकडे तो आशीर्वाद. छत्तीसगढातच, सरगुज्यातल्या मैनपाटला, १९६०च्या दशकात वसलेल्या तिबेटी वस्त्या आहेत. जुन्या तिबेटी रीतीत जीभ थोडी बाहेर काढून दाखवणं हा आदर होता. आपल्या वर्गात तेच केलं तर शिक्षा होईल.

स्पर्शाबाबत एक गोष्ट कायद्याने पक्की केली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९चा, त्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली. अंगठे धरून उभं करणं, उत्तरेकडचं मुर्गा बनवणं, कान पिरगाळणं, सगळं त्यात आलं. कायद्याच्या नजरेतून सुटणारं मात्र बरंच उरतं. तपासलेली वही एका मुलाच्या हातात दिली जाते, दुसऱ्याच्या बाकावर टाकली जाते. शाबासकी देताना एकाच्या पाठीवर थाप पडते, दुसऱ्याला फक्त शब्द मिळतात. अस्पृश्यतेचा इतिहास असलेल्या समाजात मूल हे फरक नेमके हेरतं. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचं १९६८चं संशोधन सांगत होतं की शिक्षकाच्या अपेक्षा मुलाच्या कामगिरीवर परिणाम करतात. परिणाम किती मोठा, यावर पुढे बराच वाद झाला. पण अपेक्षा पोहोचतात त्या अशाच छोट्या हालचालींतून, यावर फारसा वाद नाही.

चेहरा किती सारखा

चेहऱ्यावरच्या मूळ भावना सगळीकडे बऱ्याच सारख्या ओळखल्या जातात, असं पॉल एकमन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांच्या अभ्यासावरून १९६०च्या दशकाअखेर मांडलं. सगळ्यांना ते मान्य नाही. त्यांच्या गटाचं दुसरं निरीक्षण शिक्षकाला जास्त कामाचं आहे. जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना त्रासदायक चित्रफिती दाखवल्या. एकटे असताना दोघांच्याही चेहऱ्यावर किळस उमटली. प्रयोगकर्ता जवळ बसला की जपानी विद्यार्थी ती हसून झाकू लागले. भावना तीच, ती कोणासमोर दाखवायची याचे नियम वेगळे. ओरडा खाताना ओठांत हसणारं मूल रायपूरच्या वर्गातही असतं. ते टिंगल करत नसतं, अवघडलेपण झाकत असतं. 'वर हसतोस?' म्हणून त्याला दुप्पट ओरडा मिळतो.

सात टक्क्यांचा गैरसमज

शिक्षकांच्या प्रशिक्षणात एक आकडा हटकून भेटतो: बोलण्याचा परिणाम शब्दांमुळे ७ टक्के, आवाजामुळे ३८ टक्के आणि चेहऱ्यामुळे ५५ टक्के. तो अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७च्या दोन प्रयोगांतून आला. त्या प्रयोगांत सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत म्हणून दाखवले होते आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. त्यावरून विज्ञानाच्या तासात शब्दांचं मोल ७ टक्के ठरवणं चूक आहे, खुद्द मेहराबियन यांनीही तसं सांगितलं आहे. हा आकडा फळ्यावरून पुसून टाकावा.

गप्प मूल

नक्षलग्रस्त भागांतल्या मुलांसाठी सरकारची 'प्रयास' निवासी विद्यालयं रायपुरात आहेत. गोंडी, हलबी, कुडुख बोलणाऱ्या घरांतली मुलं तिथे आणि इतर वसतिगृहांत येतात. त्यांच्याबद्दल शिक्षकांकडून सर्रास ऐकू येणारं वाक्य म्हणजे 'ये बच्चे बोलते ही नहीं'.

सुसान फिलिप्स यांनी अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, वॉर्म स्प्रिंग्ज या आदिवासी राखीव क्षेत्रात अभ्यास केला. तो १९८३ मध्ये पुस्तकरूपाने आला. तिथलीही मुलं वर्गात गप्प असत. एकट्याने उभं राहून सगळ्यांसमोर, शिक्षकाने बोट दाखवताच उत्तर देणं त्यांच्या समाजात बसत नव्हतं. घरी ती बघून, करून, जमल्याची खात्री झाल्यावरच पुढे येत. गटात काम दिलं, शिक्षक बाजूला सरला की तीच मुलं भरपूर बोलत. ओरेगन आणि बस्तर एक नव्हेत. पण मोठ्यांच्या शेजारी बसून, बघत बघत शेतीची, जंगलाची, विणकामाची कामं शिकलेल्या मुलाला एकदम उभं करून प्रश्न विचारला तर ते गप्प राहील, यात नवल नाही. गप्प बसणं म्हणजे येत नसणं, हे समीकरण शाळेचं आहे, त्या घरांचं नाही.

यावर सगळ्यात स्वस्त उपाय मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवला. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर सांगतात. ती वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली की उत्तरं लांब होतात, आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात. हिंदीतला प्रश्न मनात गोंडीत नेऊन, उत्तर परत हिंदीत आणणाऱ्या मुलाला तीन सेकंदही अपुरे पडतील.

शिक्षकांच्या खोलीत

मुख्याध्यापकांच्या सभेत माना हलतात, त्याचा अर्थ 'आदेश ऐकला' असा. सहमती त्यात असेलच असं नाही. पुण्या-मुंबईकडून आलेला शिक्षक सभेतच तोंडावर आक्षेप घेतो आणि 'तेज' म्हणून ओळखला जातो. इथला जुना शिक्षक सभा संपल्यावर चहाच्या टपरीवर, साहेबांच्या बाजूला उभं राहून तेच सांगतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मराठी बाई सगळ्या सहकारी शिक्षिकांना बोलावतात. उत्तर भारतीय मैत्रिणीला कपाळावर कुंकू लावताना ती क्षणभर भांग पुढे करते, तिच्याकडे सौभाग्याची जागा ती आहे. दोघी हसतात आणि पुढच्या वर्षी आधी विचारतात. मोठ्या माणसांत चूक अशी सहज सुधारते, कारण दोघींचं वजन सारखं असतं. शिक्षक आणि मूल यांच्यात ते सारखं नसतं, म्हणून विचारण्याची जबाबदारी शिक्षकावर येते.

करून पाहण्यासारखं

नलिनी अंबाडी आणि रोझेन्थाल यांनी १९९३ मध्ये हार्वर्डच्या शिक्षकांच्या, आवाज बंद केलेल्या, अर्ध्या मिनिटाहून लहान चित्रफिती अनोळखी लोकांना दाखवल्या. त्यांनी केलेलं मूल्यमापन सत्राअखेर त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या मूल्यमापनाशी बरंच जुळलं. हे प्रत्येक शिक्षकाला मोबाइलवर करून बघता येईल. आपल्याच तासाची पाच मिनिटं चित्रित करावी, आवाज बंद करून बघावी. नजर किती वेळा शेवटच्या बाकापर्यंत गेली, वही कोणाच्या हातात दिली, मान कोणाच्या उत्तराला हलली, सगळं दिसतं. दुसऱ्या भाषेच्या घरातल्या सहकाऱ्याला शेजारी बसवून बघावं. आपल्याला न दिसणारी खूण त्याला दिसते.

वर्गाच्या पहिल्या आठवड्यात मुलांना विचारावं, तुमच्या घरी मोठ्यांना नमस्कार कसा करतात, कोण कोणाच्या पाया पडतं, 'नाही' कसं दाखवतात. मुलांना हे करून दाखवायला फार आवडतं, आणि एका तासात शिक्षकाला वर्षभराचं साहित्य मिळतं. मग 'समजलं' यासाठी वर्गाची वेगळी खूण ठरवावी. मूठ छातीशी धरून दाखवायची तीन बोटं, दोन बोटं, एक बोट; तीन म्हणजे समजलं, एक म्हणजे नाही. शेजाऱ्याला न दिसता फक्त शिक्षकाला दिसतील अशी. एक बोट दाखवणाऱ्याला उभं करून लाजवायचं नाही, एवढी अट पाळली पाहिजे.

आणि रोज एका मुलाला रागी करावं. गणिताची पायरी झाली की त्याने हुंकार द्यायचा आणि विचारायचं, 'फेर का होइस, गुरुजी?', म्हणजे मग काय झालं. पायरी आपल्या शब्दांत परत सांगायची, अडली तर तिथेच अडवायचं. रागीला कथेत अडवण्याचा हक्क असतो. छत्तीसगढच्या मुलांना तो समजावून सांगावा लागत नाही. मराठी बाईंना पहिल्या दिवशी तो आगाऊपणा वाटला तर त्यांनी पंडवानीचा एक प्रयोग बघून यावा.